अंतःस्फोट म्हणजे काय? शेतातला बिबट्या आणि मोबाईलमधला बिबट्या

स्फोटात वस्तू बाहेरच्या दिशेने फुटते, तर अंतःस्फोटात ती आतल्या आत कोसळते. बाहेरचा दाब आतल्या दाबापेक्षा खूप वाढला आणि कवच तो पेलू शकलं नाही की असं घडतं. जून २०२३ मध्ये ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहायला निघालेली ‘टायटन’ ही छोटी पाणबुडी समुद्राच्या दाबाखाली अशीच चिरडली गेली. पण हा शब्द आता कला आणि डिजिटल माध्यमांविषयी बोलतानाही वापरला जातो. त्याचा तिथला अर्थ जुन्नर, आंबेगाव आणि शिरूरमधल्या बिबट्याच्या फोटोंवरून नीट कळतो.

कलेतला अंतःस्फोट

एव्हर्ट हिल्गेमान हे शिल्पकार स्टेनलेस स्टीलचे गुळगुळीत, बंद ठोकळे तयार करतात आणि पंपाने त्यांच्यातली हवा काढून घेतात. मग बाहेरच्या हवेच्या दाबानेच ठोकळा चेपतो आणि त्याला घड्या पडतात. शिल्पाला आकार हातोडा देत नाही, आतली पोकळी देते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवर त्यांची अशी शिल्पं मांडली होती.

माध्यमांतला अंतःस्फोट

माध्यमांच्या अभ्यासात हा शब्द मार्शल मॅकलुहान यांनी १९६४ मध्ये वापरला. विजेवर चालणाऱ्या माध्यमांमुळे अंतर संपतं आणि जग आतल्या बाजूला आकसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. फ्रेंच विचारवंत जाँ बोद्रियार १९८१ च्या पुस्तकात त्यापुढे गेले. त्यांच्या मते माहिती वाढत जाते तसा अर्थ कमी होत जातो. घटना आणि तिचं चित्र यांच्यामधली भिंतच कोसळते आणि मग खरं कुठलं, हे सांगता येत नाही.

जुन्नर-आंबेगावात काय घडलं?

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. धरणांच्या पाण्यावर इथे ऊस वाढला आणि उसात बिबट्याला लपायला, पिल्लं वाढवायला जागा मिळाली. कुत्री, शेळ्या, वासरं हे खाद्यही जवळच असतं. त्यामुळे इथली भीती खरी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत तिघांचा बळी गेला, त्यांत दोन लहान मुलं होती. संतापलेल्या गावकऱ्यांनी आंबेगाव तालुक्यात मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. त्यानंतर एका बिबट्याला गोळी घालण्यात आली.

त्याच महिन्यात पुणे परिसरात एआयने बनवलेले बिबट्याचे फोटो आणि व्हिडिओ फिरू लागले. सोसायटीच्या गेटवर बिबट्या, रस्त्यावर बिबट्या! असे खोटे फोटो पसरवणाऱ्यांवर कारवाई करण्याचा इशारा वनविभागाला द्यावा लागला.

यात नुकसान काय?

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट प्रत्येकाने ऐकलेली असते. फरक एवढाच की गोष्टीत ओरडणारा मुलगा एकच होता. इथे एका ग्रुपमधून दहा ग्रुपमध्ये फोटो जातो आणि ओरडणारे हजार होतात. खोट्या फोटोमागे वनकर्मचारी धावतात, तेव्हा खरा बिबट्या दिसलेल्या वस्तीवर पोहोचायला उशीर होऊ शकतो.

दुसरा धोका याच्या उलट आहे. पहाटे पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याने खरा फोटो टाकला, तरी लोक म्हणतात, ‘एआय असेल.’ अभ्यासक रॉबर्ट चेस्नी आणि डॅनियल सिट्रॉन यांनी याला ‘लबाडाचा लाभांश’ असं नाव दिलं आहे. खोटं खूप झालं की खऱ्यालाही खोटं म्हणून झटकता येतं. बोद्रियार यांचा अंतःस्फोट तो हाच. चित्रं भरपूर असतात, पण त्यांतून सावध करण्याची ताकद निघून गेलेली असते.

तिसरा धोका निर्णयांचा. फोटो पाहून घाबरलेले लोक ‘पकडा आणि लांब नेऊन सोडा’ अशी मागणी करतात. जुन्नर परिसरात २००१ पासून बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम झाली होती. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आधी वर्षाला माणसांवर सरासरी ४ हल्ले होत, मोहिमेनंतरच्या तीन वर्षांत ही सरासरी १७ वर गेली.

जुनं चित्र, नवं चित्र

या डोंगरपट्ट्यात वाघोबाची पूजा होते. दिवाळीच्या तोंडावर महादेव कोळी समाज वाघबारस पाळतो. वाघोबाच्या दगडावर कोरलेला वाघ ‘आत्ता, या बांधावर आहे’ असा दावा करत नाही. तो देव आहे आणि धाकही आहे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं. एआयचा फोटो मात्र ठिकाण आणि वेळ सांगून साक्षीदार असल्याचा आव आणतो. म्हणून तो घातक ठरतो.

फोटो पुढे पाठवण्याआधी

• फोटो कुणी, कुठे, कधी काढला? ‘ग्रुपवर आला’ हे याचं उत्तर नाही.
• पायांची संख्या, सावल्या, अंगावरचे ठिपके आणि पाट्यांवरची अक्षरं नीट पाहावीत. पण चांगल्या बनावट फोटोत चूक सापडेलच असं नाही.
• गावातला पोलीस पाटील किंवा वनरक्षक यांना विचारावं. वनविभागाची हेल्पलाईन १९२६ आहे.
• स्वतः बिबट्या पाहिला असेल, तर आधी वनविभागाला कळवावं, स्टेटस नंतर.
• लोकांत घबराट पसरवणारी अफवा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा ठरू शकतो.

हिल्गेमान यांचा ठोकळा बाहेरून कुणी न ठोकता चेपतो, कारण आत काही उरलेलं नसतं. गावाच्या ग्रुपचंही तसंच आहे. रात्री ‘घराबाहेर पडू नका’ असा मेसेज आल्यावर लोकांनी खरंच दार लावून घ्यावं, एवढा विश्वास त्यात शिल्लक राहायला हवा.