स्पीनहॅमलँडचा पाव आणि निक्सन यांची योजना #थ्रेड

प्रत्येक नागरिकाला विनाअट किमान उत्पन्न द्यावे, अशी सूचना पुढे आली की एक आक्षेप ठरलेला असतो : आयता पैसा मिळू लागला तर कष्ट कोण करील? या आक्षेपाला दीर्घकाळ इतिहासाचा आधार दिला गेला. तो आधार नेमका किती भक्कम होता, हे पाहण्यासाठी इंग्लंडमधील एका सराईपर्यंत मागे जावे लागते.

६ मे १७९५. फ्रान्सशी युद्ध चालू, धान्य महागलेले. बर्कशायर परगण्यातील न्यायाधिकारी स्पीनहॅमलँडच्या ‘पेलिकन’ सराईत जमले. त्यांनी ठरवले की, ८ पौंड ११ औंस वजनाच्या पावाची किंमत १ शिलिंग असताना कष्टकरी पुरुषाला आठवड्याला स्वतःसाठी ३ शिलिंग आणि पत्नी व कुटुंबातील प्रत्येकामागे दीड शिलिंग मिळालेच पाहिजेत. मजुरी तेवढी नसेल, तर उरलेली रक्कम स्थानिक गरीब-करातून द्यायची. पाव महागला की रक्कमही वाढायची.

हे सार्वत्रिक उत्पन्न नव्हते; ही मजुरीतील तूट भरून काढण्याची व्यवस्था होती. आणि खरी मेख इथेच होती. मजुराने अधिक कमावले की भत्ता तेवढाच घटे. उलट, शेतमालकाने मजुरी कापली, तर तूट साऱ्या करदात्यांच्या माथी. सार्वत्रिक उत्पन्नाचे समर्थक रक्कम कमाईपासून तोडा म्हणतात, ते याचसाठी. मात्र ती सर्वांना द्यायची, तर खर्च अवाढव्य होतो आणि तो आवरायला रक्कम तुटपुंजी ठेवावी लागते. या पेचावर स्पीनहॅमलँडकडे उत्तर नाही.

१८३० मध्ये दक्षिण इंग्लंडच्या शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली. १८३२ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याच्या प्रश्नावलीला सुमारे दहा टक्केच पॅरिशांकडून उत्तरे आली. नासाऊ सीनियर आणि एडविन चॅडविक यांनी १८३४ च्या अहवालात निष्कर्ष मांडला : भत्त्यांनी मजूर आळशी व बेजबाबदार झाला. त्याच वर्षी कायदा बदलला. धडधाकट गरिबाला मदत हवी असेल, तर त्याने श्रमगृहात यावे. तेथील जिणे बाहेरच्या सर्वात गरीब मजुराहूनही खालचे असावे, हे तत्त्व ठरले. नवरा, बायको, मुले वेगवेगळ्या कक्षांत. अँडोव्हरच्या श्रमगृहात खतासाठी हाडे कुटणारे भुकेले लोक तीच हाडे चघळत असल्याचे १८४५ मध्ये उघड झाले.

ही विचारसरणी महाराष्ट्राच्याही वाट्याला आली. १८७७ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुरी दिवसाला १ पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाला वाटलेली भीतीही ओळखीचीच : दुष्काळात मदतीचा हक्क मान्य केला, तर लोक तो सदासर्वकाळ मागतील.

आता १९६९. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन गरीब कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी देण्याचा विचार करत होते. सल्लागार मार्टिन अँडरसन यांनी त्यांच्यापुढे एक टिपण ठेवले. त्यात कार्ल पोलान्यी यांच्या १९४४ च्या ग्रंथातील स्पीनहॅमलँडविषयीचे उतारे होते. पोलान्यी बाजारव्यवस्थेचे कठोर टीकाकार. तरीही मजुरांच्या अधःपतनाचे चित्र त्यांनी बव्हंशी १८३४ च्याच परंपरेतून उचलले होते.

गंमत अशी की, अर्थेतिहासकार मार्क ब्लॉग यांनी १९६३ आणि १९६४ मध्येच त्या अहवालाची चिरफाड केली होती. आयोगाकडे आलेली उत्तरे त्यांनी नव्याने तपासली. भत्ते हे कमी मजुरीचे व हंगामी बेकारीचे कारण नसून त्यावरचा उपाय होते, असे त्यांनी दाखवले. टिपणात मात्र जुनाच निवाडा पोचला.

८ ऑगस्ट १९६९ रोजी निक्सन यांनी योजना जाहीर केली. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला १६०० डॉलर, पण धडधाकटांना काम किंवा प्रशिक्षण स्वीकारण्याची अट. तिच्या अपयशाचे सारे खापर स्पीनहॅमलँडवर फोडणे अन्यायाचे ठरेल. एप्रिल १९७० मध्ये प्रतिनिधिगृहाने ती २४३ विरुद्ध १५५ मतांनी संमत केली. सेनेटच्या वित्त समितीत मात्र ती अडकली. परंपरावाद्यांना १६०० डॉलर फार वाटत होते, तर गरिबांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांना फारच थोडे. १९७२ पर्यंत ती संपली.