लोह्याहून रियाधला : परदेशी जाताना आणि तिथे संसार मांडताना काय माहीत असावे

आपल्या लोहा, कंधार भागातून आखातात नोकरीला जाणारी मुले काही नवीन नाहीत. मोहल्ल्यात एखाद-दुसरे घर असतेच, ज्यांचा मुलगा किंवा जावई सौदीत, दुबईत किंवा कतारमध्ये आहे. पण जाण्याआधी माहिती मिळते ती बहुतेक ऐकीव. कोणी म्हणतो "सब आसान है", कोणी म्हणतो "मत जाओ". आम्ही इथे दोन्ही बाजूला ठेवून, कागदपत्रांपासून तिथल्या रोजच्या जगण्यापर्यंत जे कामाचे आहे ते एकत्र केले आहे. उदाहरण म्हणून रियाध शहर घेतले आहे. दुबईचा नियम वेगळा असेल तिथे तसे सांगितले आहे.

नावाचा घोळ आधी मिटवा

आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर नाव असते "शेख सलीम शेख युसूफ". आधारवर "सलीम युसूफ शेख", बँकेत "एसके सलीम". गावात यामुळे काही अडत नाही, परदेशात अडते. पासपोर्टमध्ये नाव आणि आडनाव असे दोन वेगळे रकाने असतात. आडनावाचा रकाना रिकामा सोडून सगळे नाव एकाच रकान्यात भरू नका. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असणाऱ्यांना पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश बंद केला. नंतर, पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे नाव असेल तर चालेल अशी सवलत दिली. तरी विमानतळावर वाद घालण्यापेक्षा घरीच नीट करून घेतलेले बरे. दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट या चारही ठिकाणी नावाचे स्पेलिंग एक करा. मुलांचेही आताच करा.

दहावी पास आणि नापास यांच्यात मोठा फरक

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांचा पासपोर्ट बहुतेक वेळा "ईसीआर" म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागणारा असतो. सौदी, अमिरात, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशियासह 18 देशांसाठी ही मंजुरी लागते. हे 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली होते आणि "ई-मायग्रेट" या सरकारी पोर्टलवरून चालते. दहावीचे प्रमाणपत्र असूनही पासपोर्टवर ईसीआर लागला असेल तर प्रमाणपत्र जोडून तो बदलून घेता येतो.

एजंट नोंदणीकृत आहे का, हे त्याच पोर्टलवर पाहता येते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. दीड-दोन लाख मागणारा माणूस नात्यातला असला, पाच वेळचा नमाजी असला, तरी पावती आणि नोंदणी क्रमांक मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. घरातले सोने मोडून किंवा सावकाराकडून उचलून दिलेले पैसे परत मिळत नाहीत आणि व्याज मात्र पहिल्या महिन्यापासून चालू होते.

दुसरा धोका भेटीच्या व्हिसाचा. "आधी व्हिजिटवर चल, तिथे गेल्यावर काम लावतो" असे सांगून मुलांना नेले जाते. भेटीच्या व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे. मालकाने पगार बुडवला तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

ईसीआर गटातल्या कामगाराला "प्रवासी भारतीय बीमा योजना" सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाखांचे संरक्षण मिळते. हप्ता दोन वर्षांसाठी 275 आणि तीन वर्षांसाठी 375 रुपये, अधिक कर. पॉलिसीची एक प्रत घरी बीवी किंवा अब्बांकडे ठेवा. कागद कपाटात आहे हेच घरच्यांना माहीत नसेल तर विमा असून नसल्यासारखा.

करारात काय वाचावे

करार अरबीत असतो, सोबत इंग्रजी मजकूर मागा. चार गोष्टी पाहा: हुद्दा, मूळ पगार, कामाचे तास, करार संपल्यावरचे परतीचे तिकीट. हुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. इथे "इलेक्ट्रिशियन" सांगून व्हिसावर "आमिल", म्हणजे साधा मजूर, लिहिलेले असेल तर तिथे तुम्ही मजूरच. पुढे कुटुंब आणता येईल की नाही हेही याच हुद्द्यावर ठरते.

सौदी कायद्यात कामाचे तास दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 आहेत. रमजानमध्ये मुस्लिम कामगारांसाठी ते दिवसाला 6 होतात. इकामा म्हणजे निवासाचे ओळखपत्र. ते काढण्याचा आणि नूतनीकरणाचा खर्च मालकाने करायचा असतो. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12 ते 3 उघड्या उन्हात काम करून घेण्यास बंदी आहे. मार्च 2021 पासून ठरावीक अटींवर मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची सोयही खासगी क्षेत्रातल्या कामगारांना आहे, मात्र घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर त्यात येत नाहीत.

बॅगेत काय नको

खसखस अजिबात नको. आपल्या मसाल्यात ती सर्रास असते, पण सौदी आणि अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत धरली जाते. घरी कुटलेल्या मसाल्यात आहे का ते अम्मीला विचारून घ्या. गुटखा आणि पान नको. वेदनाशामक, झोपेच्या किंवा खोकल्याच्या काही गोळ्या-औषधांवर तिथे निर्बंध आहेत. रोजचे औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि त्या देशाचा नियम आधी पाहा.

दुसऱ्याचे पुडके कधीही नेऊ नका, मग देणारी सख्खी फुफी का असेना. मुंबईचे एक नवविवाहित दांपत्य 2019 मध्ये कतारला गेले. नातेवाईकाने दिलेल्या पाकिटात चरस निघाला आणि दोघांना 10 वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष सुटायला 2021 उजाडले. त्यांचे बाळ तुरुंगातच जन्मले.

पहिले तीन महिने

नांदेडहून रेल्वेने हैदराबाद किंवा मुंबई, तिथून विमान. रियाध आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास. पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी होते आणि 90 दिवसांच्या आत इकामा निघायला हवा. तो निघाला की "अबशर" हे सरकारी अॅप सुरू करा. इकाम्याची मुदत आणि प्रवासाची परवानगी तिथे दिसते. पासवर्ड कोणालाही देऊ नका.

उन्हाळा 45 अंशांपर्यंत जातो हे सगळ्यांना माहीत असते. पण रियाधच्या हिवाळ्यात रात्रीचे तापमान 10 अंशांच्या खाली येते, हे कोणी सांगत नाही. एक चांगला स्वेटर न्या. जुन्या शहरातल्या बथा भागात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी दुकाने आहेत. ज्वारीची भाकरी आठवेल, पण पोट भरेल ते खुब्ज आणि तमीसवर. 1 डिसेंबर 2024 पासून शहरात मेट्रो सुरू झाली. तिचे सहा मार्ग आणि 85 स्थानके आहेत. त्याआधी टॅक्सीशिवाय फारसा इलाज नव्हता.

सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. दुबईत मात्र 2022 पासून शनिवार-रविवार, शुक्रवारी सरकारी कचेऱ्यांत अर्धा दिवस. असरची अजान आपल्या हनफी वेळेपेक्षा बरीच लवकर होते, त्याने पहिले काही दिवस गोंधळायला होते. ईदही बहुतेकदा आपल्या आधी एक दिवस येते. तुम्ही नमाज पढून खोलीत एकटे बसलेले असता आणि घरी अजून चाँद दिसलेला नसतो. पहिली ईद जड जाते. त्या दिवशी कोणाच्या तरी घरी किंवा दोस्तांसोबत जेवायचे आधीच ठरवून ठेवा.

घरात दखनी बोलणाऱ्याला अरबी थोडी लवकर जमते. हिसाब, किताब, वक्त हे शब्द ओळखीचेच. पण फसवणारेही आहेत. "माफी" म्हणजे तिथे क्षमा नव्हे, "नाही". "माफी मुश्किला" म्हणजे काही अडचण नाही. "माफी फुलूस" ऐकलात तर समजा, पैसे नाहीत.

अडचणीचे नंबर पाठ ठेवा. सौदीत रुग्णवाहिका 997 आणि अग्निशमन 998. अमिरातीत नेमके उलटे, रुग्णवाहिका 998 आणि अग्निशमन 997. पोलीस दोन्हीकडे 999. रियाधमध्ये 911 हा एकत्रित नंबरही चालतो.

बीवी-मुलांना न्यायचे का

हा प्रश्न भावनेचा आहे, पण आधी हिशेब मांडा. सौदीत परदेशी नोकरदाराच्या प्रत्येक अवलंबितासाठी महिन्याला 400 रियाल शुल्क आहे. बीवी आणि दोन मुले म्हणजे वर्षाला 14,400 रियाल. रियाल 22 रुपयांचा धरला तरी तीन लाखांच्या वर. घरभाडे, शाळेची फी वेगळी. रियाधमध्ये भारतीय दूतावासाच्या आश्रयाखाली चालणारी सीबीएसई अभ्यासक्रमाची भारतीय शाळा आहे. मुले तिथे हिंदी-इंग्रजीत पुढे जातील, मराठी मात्र मागे पडेल. चार वर्षांनी परत आल्यावर इथल्या शाळेत मराठी सक्तीची आहे. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी घरी मराठी वाचून घ्या.

कुटुंबाच्या व्हिसासाठी निकाहनामा पुरत नाही. विवाह लोहा नगर परिषदेत किंवा गावच्या ग्रामपंचायतीत नोंदवून सरकारी प्रमाणपत्र घ्या, मग ते राज्य आणि केंद्राकडून प्रमाणित करून घ्या. निकाह झाल्याबरोबर हे केले तर पुढची धावपळ वाचते.

मागे राहणाऱ्यांसाठी

परदेशी नोकरीला लागल्यावर गावचे साधे बचत खाते बँकेला कळवून अनिवासी म्हणजे एनआरओ खात्यात बदलावे लागते. तिकडची कमाई पाठवायला एनआरई खाते वेगळे काढा, त्याच्या व्याजावर भारतात कर नाही. खाते तुमच्या नावावर आणि कार्ड भावाकडे, असे ठेवू नका. बीवीच्या नावाचे खाते हवे आणि दर महिन्याचा खर्च थेट त्यात जावा. शेत, घर, कर्ज यांचे कागद कुठे आहेत हे तिला ठाऊक हवे. जमिनीच्या कामासाठी तिकडून मुखत्यारपत्र पाठवायचे तर दूतावासात सही करून पाठवा. भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो.

मतदार यादीतले नाव सोडू नका. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला नमुना 6-अ भरून गावच्या यादीत नाव ठेवता येते. मत मात्र प्रत्यक्ष येऊनच द्यावे लागते.

पगार अडला, पासपोर्ट काढून घेतला, मारहाण झाली, तर घरच्यांनी इथून 1800 11 3090 या परराष्ट्र मंत्रालयाच्या मदत क्रमांकावर फोन करावा किंवा "मदद" पोर्टलवर तक्रार नोंदवावी. दूतावासाकडे अडलेल्या भारतीयांसाठी कल्याण निधी आहे. अडचणीतला कामगार किंवा मय्यत घरी आणण्यासाठीही गरजूंना त्यातून मदत होते. यासाठी पासपोर्ट, व्हिसा, करार आणि इकाम्याच्या प्रती घरी असणे गरजेचे आहे.

जाणाऱ्याने आणि घरच्यांनी निघण्याआधी एक दिवस सोबत बसून तीन गोष्टी ठरवाव्यात: किती वर्षे, किती बचत, आणि कोणत्या परिस्थितीत परत यायचे. हे ठरलेले नसेल तर दोन वर्षांची दहा कधी होतात ते कळत नाही. अब्बा म्हातारे होतात, मुले फोनवर मोठी होतात. ठरवून गेलात तर, इन्शाअल्लाह, ठरवून परत याल.