भोंगा कुणाचा?

शीतयुद्धात अमेरिकेतल्या शहरांत हवाई हल्ल्याची सूचना देणारे भोंगे बसले. 1952 साली आलेल्या क्रायस्लरच्या भोंग्याला तर 180 अश्वशक्तीचं व्ही-8 इंजिन होतं! पुढे बरेच बंद पडले, आणि काही तरुण मुलं आता ते जमवून दुरुस्त करतात. पण बंद पडलेला भोंगा बेवारस नसतो बरं का. तो बहुधा नगरपालिकेचाच असतो. म्हणून आधी लेखी अर्ज करायचा, नाहीतर लिलावात बोली लावायची. पावती हातात आली की मगच पाना उचलायचा. गंज खरवडायचा, बेअरिंग बदलायची, हवा कापणारं चाक मोकळं फिरतंय का ते बघायचं. आणि वाजवण्याआधी शेजाऱ्यांना, पोलिसांना कळवायचं. कारण चक्रीवादळ आलं की तिथले लोक आजही हाच आवाज ऐकून तळघराकडे धावतात. खोटा वाजला, तर उद्या खऱ्यालाही कुणी उठणार नाही.