पाणचक्कीच्या दारातले उमेदवार

पाणचक्की पाहायला येणारा माणूस वडाच्या सावलीत थोडा टेकतो, हौदात पडणारे पाणी पाहतो आणि मकबऱ्याकडे निघून जातो. मीही बरीच वर्षे तेवढेच केले. ही वास्तू एका दर्ग्याची आहे हे ठाऊक होते. पण परमुलखातून कामाच्या शोधात आलेल्यांचा तो एकेकाळी मोठा आधार होता, हे ‘मल्फुजात-ए-नक्शबंदिया’ वाचल्यावर उमगले. मूळ ग्रंथ फारसी. मला फारसी येत नाही; सायमन डिग्बी यांच्या 2001 सालच्या इंग्रजी भाषांतरावरच मी विसंबलो आहे.

मार्च 1682 मध्ये औरंगजेब या शहरात आला आणि पुढची पंचवीस वर्षे दख्खनमध्येच अडकला. लढाई जिथे, तिथे नोकरी. बुखारा-समरकंदकडचे तुराणी लोक त्या वाटेने येऊ लागले. घोडेस्वारी, शस्त्रविद्या हे कसब त्यांच्या अंगी होते. पण मुघल फौजेत नुसत्या कसबावर भागत नसे. स्वाराला घोडा स्वतःचा आणावा लागे. त्या घोड्याला डाग दिला जाई, स्वाराचा चेहरा दप्तरात लिहिला जाई. त्याआधी कोणा सरदाराने पदरी घ्यायला हवे आणि कोणीतरी जामीन राहायला हवे. हजारो मैल तुडवून आलेल्या परक्याला जामीन कोण राहणार? आजही आपण वापरतो तो ‘उमेदवार’ हा शब्द फारसीच. अर्थ, आशेवर असलेला.

ही अडचण दोन फकिरांभोवती सुटत गेली. दोघेही बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानशी नाते सांगणारे. थोरले बाबा पलंगपोश. आपल्याकडे पलंगपोस म्हणजे अंथरुणावरची चादर. फारसीत ‘पलंग’ म्हणजे बिबळ्या. त्याचे कातडे पांघरणारे ते पलंगपोश. ते गाजीउद्दीन खान फिरोजजंगाच्या फौजेबरोबर फिरत. हा गाजीउद्दीन स्वतः तुराणी, पहिल्या निजामाचा बाप. धाकटे बाबा मुसाफिर शहरातच तकिया सांभाळून राहिले. छावणीतले नजराणे तकियाकडे येत आणि त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याचे जेवणखाण चाले. नव्या माणसाला इथे निवारा मिळे, आपली बोली बोलणारे भेटत आणि कोणत्या सरदाराकडे जावे याचा पत्ता लागे. मला वाटते, शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची होती. तकियात राहिलेला माणूस अनोळखी उरत नसे. कोणी दरवेश शिपाई होई, कोणी शिपाई दरवेश. पलंगपोश 1699 मध्ये वारले. पुढे मुसाफिरांचे शिष्य शाह महमूद यांनी तकिया वाढवला आणि हा ग्रंथही त्यांनीच लिहिला. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर फिरणारी चक्की 18व्या शतकातली. तिचे पीठ याच दारात येणाऱ्यांसाठी होते.

इथे मराठी वाचकाच्या मनात जे येईल ते माझ्याही मनात आले. ही नोकरी होती कसली? 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली; त्यानंतर राजाराम आणि ताराबाई ज्या फौजांशी झुंजले, त्याच फौजांची. तकियातली भाकर खाऊन गेलेला स्वार आपल्या गावांवरूनच गेला असेल. शिवाय ही ओळख तुराण्याने तुराण्यासाठी जपलेली. त्याच काळात जुने खानदानी मनसबदार जहागिरी मिळेनात म्हणून कुरकुरत होते, आणि ज्याला कोणीच आपले नव्हते तो बाहेरच राहत होता. एकाला उघडलेले दार दुसऱ्याला भिंत वाटते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत; एक सांगण्यासाठी दुसरी लपवण्याचे कारण नाही.

वाळूजच्या कारखान्यांत काम शोधणारी बिहार-उत्तर प्रदेशची पोरे माझ्या ओळखीची आहेत. त्यातल्या एका वेल्डरने पिशवीतून आयटीआयचा दाखला काढून दाखवला. म्हणाला, “हा कोणी पाहतच नाही. आधी विचारतात, इथे ओळखीचं कोण?” अखेर काम मिळाले ते आधी आलेल्या गाववाल्याने शब्द टाकला म्हणून. त्याच्याच खोलीत सहा जण राहतात, चूल एकच.

शहराचे नाव बदलले, घोड्याच्या जागी दाखला आला. जामीन मात्र अजून लागतोच. आणि आज तो देणारा तकिया म्हणजे भाड्याची एक खोली आहे.