बोलतो कोण?

‘कांतारा’ पाहताना बहुतेकांना शेवटची झुंज आठवते. मी अडकलो तो त्याच्या कितीतरी आधी, १९७०च्या प्रसंगात. कोला चालू आहे. जमीनदाराचा वारस विचारतो, हे दैव बोलतंय की नर्तक? उत्तर मिळतं: नर्तक असेन तर सापडेन, दैव असेन तर सापडणार नाही. तो रानात धावत जातो आणि परत येत नाही. हा नर्तक आणि त्याचा मुलगा शिवा, दोन्ही भूमिका ऋषभ शेट्टींच्या. २०२२च्या या कन्नड चित्रपटाने त्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला.

वारसाचा प्रश्न जुना आहे. तुळुनाडूत कोला करणारे नलिके, परव, पंबद या दलित जातींतले. एरवी ज्या यजमानापुढे दबून राहायचं, त्यालाच कोलाच्या रात्री जाब विचारायचा. कंबरेला कोवळ्या झावळ्या, पायांत गग्गर, तोंडी तुळू पाड्दन. घराण्यांचे, जमिनीचे तंटे तिथे निघत. उजाडलं की नर्तक पुन्हा आपल्या पायरीवर. आमच्या तळकोकणातही अवसर उतरला की माणूस उरतो, त्यामुळे हे मला परकं वाटलं नाही. बासेल मिशनने १८८६मध्ये मंगळुरात पाड्दनं छापली. पुढे बर्नेलची टिपणं ‘इंडियन अँटिक्वेरी’त आली, तीही ‘सैतानपूजा’ अशा मथळ्याखाली!

त्याच काळात रानावर दुसरा आवाज आला. दक्षिण कानडा तेव्हा मद्रास इलाख्यात. १८८२च्या मद्रास वन कायद्याने जंगल राखीव करण्याआधी हक्कदारांना मुदत दिली, पण दावा ऐकायचा तो सरकारी अधिकाऱ्याने. चित्रपटातलं जमिनीचं दान १८४७चं, म्हणजे कायद्याच्या पस्तीस वर्षं आधीचं. त्याला साक्षी एक दैव. म्हणून १९९०मध्ये वनाधिकारी मुरली हद्द आखायला येतो तेव्हा गाव त्याला अडवतं, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं.

गुरुवाचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जमीन माझी, असं दैवाच्या तोंडून वदव, असं जमीनदार त्याला सांगतो. तो नकार देतो आणि मारला जातो. आवाज विकत घेता येतो का, हाच तर खरा खटला. शिवा आयुष्यभर या वारशापासून पळालेला, शिकारी, भांडखोर. शेट्टी त्याला आधी अगदी उथळ ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

शेवटच्या कोलात मात्र तो शब्दांनी निवाडा देत नाही. गावकऱ्यांचे आणि मुरलीचे हात एकत्र आणून छातीशी धरतो. अभिनय म्हणून हे थोर आहे. इतिहास म्हणून मी साशंक आहे: हद्द कुठे आखली, ते कळत नाही.

त्याच ऑक्टोबरात कर्नाटक सरकारने साठी ओलांडलेल्या दैवनर्तकांना महिना २,००० रुपये मानधन जाहीर केलं.