हजेरीच्या रात्री

सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आजही शिधापत्रिकांवर आणि शाळेच्या दाखल्यांवर लिहिला जातो. बाहेरगावच्या माणसाला ते एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे नाव वाटेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे तारेच्या कुंपणाआड पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींची कुटुंबे ठेवलेली होती. कुंपणाच्या आत सेटलमेंट. वर्षानुवर्षांची वर्तणूक साहेबाच्या पसंतीस उतरली, की कुंपणाबाहेर फ्री कॉलनी. आत राहणाऱ्यांपैकी कितीतरी जणांवर कोणत्याही न्यायालयात कधी गुन्हा शाबित झालेला नव्हता. त्यांचा जन्म एका विशिष्ट जमातीत झाला होता, एवढे कारण त्यांना आत ठेवायला पुरेसे होते.

याचा पाया 12 ऑक्टोबर 1871 रोजी घातला गेला. त्या दिवशी ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ मंजूर झाला. एखादी टोळी, जमात किंवा वर्ग अजामीनपात्र गुन्ह्यांना सरावलेला आहे असे प्रांतिक सरकारला वाटले, की राजपत्रात अधिसूचना निघे आणि त्या जमातीतला प्रत्येक जण कायद्याने संशयित ठरे. तान्हे मूलसुद्धा यातून सुटत नसे. या अधिसूचनेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असेही कायद्यातच लिहून ठेवले होते. इंग्रज अधिकाऱ्यांचा युक्तिवाद सरळ होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार. जातिव्यवस्थेचे इतके उथळ वाचन करून लाखो माणसांचे आयुष्य ठरवले गेले. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा 1876 मध्ये बंगालला लागू झाला आणि 1911 च्या दुरुस्तीनंतर सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात त्याचा वापर सुरू झाला. बोटांचे ठसे घेण्याची तरतूदही त्याच वेळी आली.

ज्यांच्यावर हा शिक्का बसला, ती माणसे आधी काय करत होती, हे पाहिले की निवाड्यातली घाई उघडी पडते. बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो मैल चालत. मोगल, मराठे आणि खुद्द इंग्रज यांच्या फौजांना रसद पुरवणारे हेच तांडे होते. 1853 मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे धावली, पुढच्या काही दशकांत रूळ देशभर पसरले आणि बैलांच्या पाठीवरचा माल वाघिणींत गेला. कैकाडी गाढवांवर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरत, निर्गुडीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांच्या पाट्या, डालगी आणि कणग्या विणून देत. वडार दगड फोडत, विहिरी खणत, जात्या-पाट्यांना टाकी लावत. पारधी फास लावून तितर आणि लावे पकडत. 1865 आणि 1878 च्या वनकायद्यांनी जंगलाचे दार त्यांच्यासाठी लोटून घेतले. पोट भरायची वाट आधी बंद झाली आणि मग वाट चुकल्याचा आरोप आला, हा क्रम विसरता कामा नये.

रामोशांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. गडकोटांची आणि गावांची रखवाली हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि अनेकांची गडावरची चाकरी व वतने गेली. पुरंदरच्या परिसरातून उमाजी नाईक उभा राहिला, तो याच रागातून. 1832 मध्ये त्याला फाशी झाली. पुढे पुण्यात साहेबांच्या बंगल्यांवर रात्रीचा पहारेकरी म्हणून रामोशीच ठेवला जाई, आणि गावाकडे त्याच जमातीच्या माणसाला संध्याकाळी चावडीवर हजेरी द्यावी लागे. एकाच सरकारच्या छत्राखाली हे दोन्ही चालू होते.

ही हजेरी म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण या कायद्याचा खरा जाच तिच्यात होता. नोंद झालेल्या माणसाने ठरलेल्या वेळी पोलीस ठाण्यात किंवा पाटलासमोर उभे राहायचे. काही ठिकाणी हे रात्रीतून एकाहून अधिक वेळा करावे लागे. दिवसभर दगड फोडलेल्या माणसाने मध्यरात्री उठून अंधारात चावडीपर्यंत चालायचे, नाव सांगायचे आणि परत यायचे. काही ठिकाणी तर रात्र चावडीवरच काढावी लागे. दुसऱ्या गावी जायचे तर पास हवा. बहिणीच्या घरचे लग्न असो, जत्रा असो की बाप गेल्याचा निरोप असो, आधी परवानगी आणि मग निघणे. परवानगीशिवाय हद्दीबाहेर सापडला, तर तोच गुन्हा. आपल्याच दारात सकाळपर्यंत सलग झोपणे, मनात आले की शेजारच्या गावाला जाणे, या गोष्टींना इतर लोक सुख म्हणून मोजतही नव्हते. या जमातींच्या कितीतरी पिढ्यांना त्या मिळाल्या नाहीत.

मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर अशा ठिकाणी सेटलमेंटी उभ्या राहिल्या, त्या मुख्यतः ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. स्टार्ट क्रूर नव्हता. काम, शाळा आणि शिस्त मिळाली तर ही माणसे ‘सुधारतील’ असे त्याला मनापासून वाटत होते. पुढे 1928 मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या समितीचा तोच अध्यक्ष होता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. म्हणून त्याला एका वाक्यात खलनायक ठरवून मोकळे होणे बरोबर नाही. पण त्याच्या सुधारणेची सुरुवातच माणूस दोषी आहे असे धरून होत होती. सोलापुरात 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली होती, पुढे आणखी गिरण्या आल्या आणि त्यांना हात हवे होते. कुंपणाआडची माणसे सकाळी गिरणीत जात आणि संध्याकाळी परत येऊन मोजली जात. आईबापांची सावली पडू नये म्हणून मुलांना वेगळे ठेवण्याची सोयही कायद्यात होती.

त्याच काळात कोल्हापुरात एका राजाने नेमके उलटे करून दाखवले. राजर्षी शाहू महाराजांच्या संस्थानातही हजेरीची पद्धत होती. महार, मांग, रामोशी, बेरड यांना गावचावडीवर रोज हजर व्हावे लागे. 1918 मध्ये महाराजांनी ती बंद केली. शेजारच्या ब्रिटिश मुलखात याच वर्षांत सेटलमेंटी वाढत होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या हुकमाचे वजन कळते.

हुकूम काढून ते थांबले नाहीत. फासेपारध्यांना त्यांनी काम दिले, वस्तीला जागा दिली आणि सोनतळी कॅम्पवर त्यांनाच पहाऱ्याला ठेवले. ज्यांच्या नावाने गावे दारे लावून घेत, त्यांच्या भरवशावर छत्रपती रात्री झोपत. रात्री जंगलात वावरणारा, पावलांचा माग काढणारा, बारीक आवाजाने जागा होणारा माणूस पहाऱ्यासाठी उत्तम, हे महाराजांसारख्या कसलेल्या शिकाऱ्याने ओळखले होते. जे गुण पोलिसांच्या नोंदवहीत संशयाचे कारण होते, तेच इथे कसब म्हणून कामी आले. त्यासाठी पारधी बदलावा लागला नाही. त्याच्याकडे पाहणारा बदलला आणि त्याच्या घरी चूल पेटण्याची सोय झाली. हजेरी रद्द करणारा हा हुकूम महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात महाराजांच्याच आरक्षणाच्या जाहीरनाम्याशेजारी ठेवायला हवा. त्याची चर्चा फारच कमी होते.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिने कायदा रद्द करण्याची शिफारस केली. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो रद्द झाला. तोवर सुमारे 127 जमाती आणि वीस लाखांहून अधिक माणसे त्याच्या कक्षेत होती. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांच्या वाट्याला ही मोकळीक यायला पाच वर्षे लागली. त्यामुळे या जमातींचा, म्हणजे आजचा विमुक्त समाज 31 ऑगस्ट हा आपला मुक्तिदिन मानतो.

त्यानंतर दोन पिढ्यांत काय घडू शकते, याचीही साक्ष महाराष्ट्रातच आहे. पुसदजवळच्या गहुली या बंजारा तांड्यावर जन्मलेले वसंतराव नाईक डिसेंबर 1963 ते फेब्रुवारी 1975 एवढा काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ 1980 मध्ये आले आणि कैकाड्याच्या पोराची शाळा, गाढवे आणि भूक मराठी वाचकाच्या घरात शिरली. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ 1987 मध्ये आले. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पालात वाढलेल्या माणसाने आपली हकिकत स्वतः सांगितली आणि पोलीस ठाण्याच्या नोंदींना प्रथमच घरातून उत्तर मिळाले.

तरी जुना संशय कायद्याबरोबर रद्द झाला नाही. मुंबई राज्याने 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी कायदा केला, इतर राज्यांतही तसे कायदे झाले आणि त्यांचा रोख पुन्हा पुन्हा याच वस्त्यांकडे वळला. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत विमुक्त जमातींना जन्मावरून सराईत मानणारी कलमे राहिलीच होती. ती सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी घटनाबाह्य ठरवली. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही कित्येकदा आधी पारध्यांच्या पालाकडे जाते.

दुसरी अडचण कागदाची आहे. महाराष्ट्रात विमुक्त आणि भटक्या जमातींच्या जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजे-पणजे पाल ठोकून चार दिवस राहत आणि गाढवांवर सामान लादून पुढे निघत, त्यांच्या नातवंडांनी ते 1961 मध्ये कोणत्या गावात राहत होते हे दाखवायचे. ज्यांच्या आजोबांचे नाव त्या काळी एखाद्या शाळेच्या पटावर चढले होते, त्यांचे काम सोपे होते. बाकीचे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. 31 ऑगस्टच्या मेळाव्यांत भाषणे होतात, शाहू महाराजांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि मग निवेदन वाचले जाते. त्यात जातीचा दाखला, शिधापत्रिका आणि घर बांधायला गायरानात थोडी जागा, एवढ्याच मागण्या वर्षानुवर्षे लिहिल्या जात आहेत.