सामायिक नियमपत्रिकेची कथा

कपड्यास चिकटणाऱ्या बारीक तंतूंस इंग्रजींत 'लिंट' म्हणतात. १९७८ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टीफन जॉन्सन यांनीं आपल्या एका साधनास हेंच नांव दिलें. 'सी' या संगणकभाषेंत लिहिलेला मजकूर चालविण्यापूर्वीं वाचून त्यांतील संशयित स्थळें दाखविणें, हें त्याचें काम.

जावास्क्रिप्ट या भाषेस अशा परीक्षकाची विशेष गरज होती. १९९५ त ब्रेंडन आइक यांनीं तिचा पहिला अवतार अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केला. लेखक अर्धविराम विसरला, तर पुष्कळ ठिकाणीं ही भाषा तो स्वतःच कल्पून घेते. आणि 'रिटर्न' या शब्दानंतर ओळ मोडली, तर पुढील ओळींतील उत्तर निमूटपणें गळून जातें.

२००२ त डग्लस क्रॉकफर्ड यांनीं 'जेएसलिंट' काढलें. परंतु त्यांत बव्हंशीं त्यांची अभिरुचि हाच नियम होता. ही सक्ति सैल करण्यासाठीं २०११ त 'जेएसहिंट' निघालें, आणि २०१३ त निकोलस झाकस यांनीं 'ईएसलिंट' रचिलें. त्यांत प्रत्येक नियम स्वतंत्र. तो बंद ठेवावा, इशाऱ्यापुरता ठेवावा, कीं त्याचा भंग ही चूक मानावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

स्वातंत्र्य मिळालें, तशी नवी अडचण उभी राहिली. एकाच संस्थेच्या दहा प्रकल्पांत त्याच यादीच्या दहा नकला; एकींत दुरुस्ती झाली, तरी बाकीच्या नऊ जुन्याच राहणार. यावर उपाय असा निघाला कीं, नियमपत्रिकाच आवृत्तिक्रमांक देऊन 'एनपीएम' या सार्वजनिक भांडारांत प्रसिद्ध करावी. प्रत्येक प्रकल्पानें एका ओळींत तिचा आधार घ्यावा व आपले अपवाद तेवढे खालीं नोंदवावे. अशा पत्रिकांत मतभेद आहेतच. एअरबीएनबी कंपनीची पत्रिका अर्धविराम सक्तीचा करते, तर 'स्टँडर्ड' नांवाची दुसरी तो वर्ज्य मानते. तरी दोहींचे अनुयायी सुखानें काम करतात. कारण त्यांच्यापुरता वाद एकदांच मिटलेला असतो.

मात्र नियम परक्याच्या हातून घेणें म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकणें होय. ईएसलिंटच्या एका व्यवस्थापकानें आपला परवलीचा शब्द इतरत्रही वापरला होता. त्याचा लाभ घेऊन १२ जुलै २०१८ रोजीं कोणा भामट्यानें ईएसलिंटच्या स्वतःच्याच सामायिक पत्रिकेची दूषित आवृत्ति भांडारांत घुसविली. ती बसविणाऱ्यांच्या भांडारप्रवेशाच्या किल्ल्या ती गुपचूप बाहेर पाठवी. आवृत्ति त्याच दिवशीं मागें घेतली गेली, आणि भांडाराच्या चालकांनीं तोंपर्यंत दिलेल्या सर्व किल्ल्या रद्द केल्या.

म्हणून सामायिक पत्रिका स्वीकारणाऱ्यानें तिचा आवृत्तिक्रमांक पक्का नोंदून ठेवावा, आणि नवी आवृत्ति पारखल्यावांचून घेऊं नये. इतरांचा मजकूर तपासणाऱ्या पत्रिकेलाही कोणी तपासणारा लागतोच.